आगबोट कंपनीचं तोंड

ठाण्याच्या बंदरावर त्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं, पण धक्क्याला लागलेल्या आगबोटीत चढायला एक माणूस तयार नव्हता.

बोट नवीकोरी होती. पांढरा रंग, वर काळंभोर धुराडं, पुढच्या टोकाला झेंडूची माळ. लीलाधरशेठ भाटियांनी ती मुंबईहून आणवली होती. ठाणे ते कल्याण अशी खाडीतून रोज खेप करायची आणि मधल्या गावांची माणसं, मासळी, भात, कौलं सगळं वाहायचं, असा बेत होता. रेल्वे सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. पण ती खाडीकाठच्या गावांना ठेंगा दाखवून धडधडत निघून जायची. दिवा, कोपर, मोठागाव इथल्या माणसाला बाजार गाठायचा तर होडीत बसून भरतीची वाट बघायची, नाहीतर गुडघाभर चिखल तुडवायचा. त्यामुळे आगबोट भरभरून वाहील याबद्दल शेठना तिळमात्र शंका नव्हती.

आणि आता शेठ धक्क्यावर उभे राहून रुमालानं घाम पुसत होते. तांडेल शिट्टीवर शिट्टी देत होता. प्रत्येक शिट्टीसरशी गर्दी दोन पावलं मागं सरकत होती.

"त्र्यंबकराव," शेठ दबक्या आवाजात खेकसले, "तुम्ही लिहिलेलं वाचलं ना लोकांनी? मग येत का नाहीत?"

त्र्यंबक चौबळ हा कंपनीचा दुभाषी कारकून. वय चोवीस-पंचवीस, अंगात बाराबंदी, डोक्यावर जरा मोठीच झालेली पगडी. मासुंदा तळ्यामागं, परभूंच्या आळीत, त्याचं बिऱ्हाड होतं. मुंबईहून आलेला इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा, तो छापून घ्यायचा आणि गावोगाव चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. त्यानं ते मोठ्या निष्ठेनं केलं होतं. 'वाफेच्या सामर्थ्याने चालणाऱ्या या नौकायानाचा लाभ तमाम जनांनी घ्यावा, असे विदित करण्यात येत आहे,' अशी सुरुवात होती त्या मजकुराची. आदल्या दिवशी त्यानं तो बायकोला, कमळाबाईला, वाचून दाखवला होता. ती तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली होती, "अहो, यात कुणी मेलंय की कुणी जन्मलंय?"

त्र्यंबकला तेव्हा राग आला होता. आता धक्क्यावर उभं राहिल्यावर त्याला कळलं, की बाई सोळा आणे खरं बोलली होती. चिकटवलेला कागद कुणी वाचलाच नव्हता, आणि ज्यांनी वाचला त्यांना कळला नव्हता. लोकांच्या कानावर वेगळंच काहीतरी गेलेलं होतं. तो गर्दीत शिरला आणि कान टवकारून ऐकू लागला.

"खाडीतली मासली शिजून वर येते म्हनं."

"बंबात रोज जित्ता कोंबरा टाकाय लागतो. अवसेला तं त्याच्याहून मोठा काय तरी."

त्र्यंबकच्या अंगात एकदम वारं शिरलं. तो तसाच परत फिरला, धक्क्यावरचं कौलांचं खोकं ओढलं, उलटं केलं आणि त्यावर चढला. पगडी घसरली, ती त्यानं काढून काखेत मारली.

"अहो मंडळी!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की शेठही दचकले. "बोटीत बसू नका! कुणी बसू नका! बसायला सांगतच नाही मी. पण तिच्या पोटात काय आहे ते तर बघून जाल? फुकट दाखवतो. ज्याला कोंबडा सापडेल, त्यानं तो घरी न्यावा!"

हशा पिकला. हसणारी माणसं पुढं सरकतात, हे त्यानं त्या क्षणी पाहिलं आणि ते त्याला पुढं जन्मभर पुरलं.

सगळ्यांत पुढं आली हौसाबाई. मोठागावची आगरीण, ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. चाळिशीची, धिप्पाड. डोक्यावरची पाटी न उतरवताच ती बोटीवर चढली आणि कंबरेत वाकून भट्टीच्या तोंडाशी डोळा लावला. आगवाला मारुती फावड्यानं कोळसा टाकत होता. त्यानं भट्टीचं दार सताड उघडलं. आतला लालबुंद जाळ बघून बाई मागं सरली, पुन्हा पुढं झाली, आजूबाजूचे कोपरे बघितले आणि वर येऊन गर्दीकडं तोंड करून म्हणाली, "पीससुदिक नाय दिसत गो!"

मग ती त्र्यंबककडं वळली. "ए परभू, ही बोट मोठागावला थांबंल?"

"थांबेल की."

"न माजी मासली उद्या सकालच्याला ठान्यात?"

"ताजीताजी."

"मंग तू बस माज्या बाजूला. बुरली तं दोगं बुरू."

आता खरी पंचाईत झाली. त्र्यंबकला पोहता येत नव्हतं. पाण्याची त्याला लहानपणापासून इतकी धास्ती, की तळ्याच्या पायऱ्यासुद्धा तो कधी उतरायचा नाही. कंपनीनं त्याला लिहायला ठेवलं होतं, बुडायला नव्हे. त्यानं शेठकडं पाहिलं. शेठ आकाशाकडं बघत होते. त्यानं पगडी डोक्यावर घट्ट बसवली आणि बोटीत पाय टाकला.

बोट हलली तेव्हा त्यानं बाकाची फळी अशी घट्ट धरली, की बोटं पांढरी पडली. हौसाबाई मात्र पदर खोचून बसली होती. धुराड्यातून धूर निघाला, दोन्ही काठांची तिवरं मागं पळू लागली, वारा तोंडावर आपटायला लागला, आणि बाई एकाएकी लहान पोरीसारखी टाळ्या पिटून ओरडली, "अगो बाय! ही तं उरते!" पारसिकचा डोंगर वळसा घेऊन मागं गेला तेव्हा त्र्यंबकनं फळीवरचा एक हात सोडला. दिव्याच्या पुढं गेल्यावर दुसराही सोडला. मोठागावच्या काठावर पोरंटोरं बोटीबरोबर धावत सुटली. त्यांच्याकडं बघून तो दोन्ही हात हलवत उभा राहिला आणि आपण पाण्यावर आहोत याची त्याला आठवणच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठागावहून बोट निघाली ती टोपल्यांनी भरून.

त्या दिवसापासून त्र्यंबकचं काम बदललं. कागद तो अजून लिहायचा, पण आधी कमळाबाईला वाचून दाखवायचा. तिनं 'म्हणजे काय?' असं विचारलं की ते वाक्य गेलं. मजकूर आटत आटत शेवटी एवढाच उरायचा : 'सकाळी मोठागाव, दुपारच्या आत ठाणं. मासळी ताजी, पाय कोरडे.' भाताच्या दिवसांत तो कोपरच्या खळ्यांवर जाऊन बसायचा. मचवेवाले बोटीवर खार खाऊन होते, त्यांच्यात जाऊन तो विडी ओढायचा. आगबोट जिथं लागू शकत नाही त्या उथळ खाड्यांतला माल बोटीपर्यंत आणायचं काम त्यांना मिळावं, म्हणून शेठशी तो भांडला आणि ते मिळवलंही. बोट उशिरा येणार असली तर धक्क्यावर उभं राहून तो आधीच सांगून टाकायचा, का उशीर झाला आणि किती वेळ लागेल. लोक कुरकुरायचे, पण थांबायचे.

त्याला हुद्दा नव्हता. असलं काम करणाऱ्याला काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आगरी बायका म्हणायच्या, 'कंपनीचा तोंड आला गो!' आणि तेच नाव पडलं. कमळाबाईला ते आवडायचं नाही. पण त्र्यंबकला मनातून गुदगुल्या व्हायच्या. शेठनी दुसरी बोट आणली, मग तिसरी. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात कंपनीविषयी चार ओळी आल्या, तेव्हा तो कागद हातात घेऊन तळ्यापासून बंदरापर्यंत अक्षरशः पळत गेला होता.

पाच-सहा वर्षं अशी भुर्रकन उडून गेली. आणि मग नवरात्रातला तो दिवस उजाडला.

कल्याणला दुर्गाडीच्या देवीची यात्रा होती. काठाकाठाची माणसं देवीला निघालेली. सकाळची बोट ठाण्याहूनच गच्च भरून निघाली. दिव्याला आणखी माणसं चढली, टपावर बसली, कठड्याला लोंबकळली. दुपारी ठाण्याच्या कचेरीत कल्याण स्टेशनावरून तार आली : बोट पोचलेली नाही, स्फोट झाल्याचं लोक बोलतात, बंदरावर जमाव वाढतो आहे.

लीलाधरशेठ तार वाचून खुर्चीत खाली घसरले. थोड्या वेळानं सावरले आणि त्र्यंबकला जवळ बोलावलं.

"त्र्यंबकराव, तुम्ही कल्याणला निघा. लोकांना सांगा, उतारू सगळे एका अंगाला गेले, बोट कलंडली, म्हणून झालं. कंपनीचा काही दोष नाही."

"तसंच झालं का, शेठ?"

"तसंच झालं असणार."

पुढची गाडी संध्याकाळी होती, आणि भरती आत्ताच लागत होती. तो बंदरावर धावला. ओळखीचा एक मचवेवाला शीड सोडतच होता.

"कल्याण!" त्र्यंबक मचव्यात उडी मारतच ओरडला. "जेवढ्या जोरात जाईल तेवढ्या जोरात!"

वारा मागून होता. भरतीचं पाणी मचव्याला ढकलत होतं. पारसिकच्या वळणावर पाणी उसळून आत आलं, त्र्यंबक नखशिखांत भिजला, पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. मनात एकच चक्र फिरत होतं : किती माणसं होती? कोण कोण होतं?

दिव्याच्या पुढं वळण घेतलं आणि मचवेवाल्यानं हातानं समोर दाखवलं. खाडीच्या मध्यभागी, गाळाच्या उंचवट्यावर आगबोट तिरकी होऊन रुतली होती. धुराडं वाकडं झालेलं. आणि तिच्या टपावर, कठड्यावर, पुढच्या टोकावर माणसंच माणसं! पागोटी, पदर, उपरणी हलवत ती एका सुरात ओरडत होती.

"जिवंत आहेत!" त्र्यंबकच्या तोंडून किंकाळीच फुटली. "अरे, जिवंत आहेत सगळे!"

सगळे नव्हते. मचवा बाजूला लागल्यावर त्याला ते कळलं. आगवाला मारुती पुढंच बसला होता. दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले, चेहरा काळवंडलेला. त्यानं तुटक तुटक सांगितलं. वाफेचा नळ सांध्यात फुटला. कोळसा टाकणारा सहदेव नळासमोरच उभा होता, तो जागेवरच गेला. वाफेचा फुत्कार ऐकून काहींनी पाण्यात उड्या टाकल्या. त्यातली बहुतेक तांडेलानं ओढून काढली. मोठागावची तुळसा तेवढी सापडली ती बऱ्याच वेळानं, आणि तोवर ती गेली होती. दोन गडी पोहत काठाला गेले आणि पळत सुटले. ओहोटी होती, चारी बाजूंना कंबरभर गाळ, पलीकडं तिवरांचं रान. बाकीच्यांना भरती येईपर्यंत हलता आलं नव्हतं. कल्याणला 'सगळे गेले' ही बातमी नेली ती त्या दोघांनीच.

"नळ कशानं फुटला?" त्र्यंबकनं विचारलं.

मारुतीनं वाकड्या धुराड्याकडं मानेनं खूण केली. "महिना झाला गळत होता. मी दोनदा सांगितलं कंपनीच्या कारखान्यात. म्हणाले, नवरात्र उरकू दे, मग बघू."

"हे मी कल्याणच्या धक्क्यावर सांगितलं, तर तू मागं हटणार नाहीस ना?"

"हात बघा माझे, त्र्यंबकराव. आता मागं कुठं हटू?"

मिठानं भरलेले दोन पडाव, म्हणजे मोठे मचवेच, त्याच भरतीवर कल्याणकडं निघाले होते. त्र्यंबकनं उपरणं फडफडवून, घसा फोडून त्यांना बोलावून घेतलं. मिठाच्या गोण्यांवर माणसं बसली. बायका, पोरं आणि भाजलेले मचव्यात आले. सहदेव आणि तुळसा यांना स्वच्छ शिडात गुंडाळून मागच्या पडावात ठेवलं. त्र्यंबक प्रत्येकाजवळ जाऊन नाव विचारत होता, गाव विचारत होता आणि तोंडानं पुटपुटत घोकत होता. एका कोपऱ्यात हात पोळलेली एक तरुण बाई गप्प बसली होती.

"तुझं नाव काय, बाई?"

"शेवंती. मोठागावची. हौसाबायची सून." ती मागच्या पडावाकडं बघत होती. "मी म्हायेराला दिव्याला होते. मामीनं, सासूबायनं, शेजारच्या तुलसामावशीला धारली मना देवीला आनाला."

त्र्यंबकनं तिचंही नाव घोकलं. मग तो पुढच्या टोकाशी जाऊन उभा राहिला.

कल्याणच्या बंदरावर तोवर आकांत उसळला होता. यात्रेची माणसं देवीला पाठ फिरवून खाली उतरली होती. कंपनीच्या कचेरीचं दार फोडून लोकांनी खुर्च्या, घंटा, वजनकाटा पाण्यात फेकला होता. मुनीम छपरावर चढून थरथरत बसला होता. कुणी म्हणत होतं, कंपनीनं प्रेतं तिवरात पुरली. कुणी म्हणत होतं, बोट मुद्दाम बुडवली. आणि सगळ्यांच्या पुढं, सुक्या झावळ्यांची पेटती चूड हातात धरून, यात्रेला पहाटेच आलेली, केस मोकळे सुटलेली हौसाबाई कचेरीच्या छपराकडं निघाली होती.

"शीड!" कुणीतरी ओरडलं. "शीड येतंय!"

मचवा वळणातून बाहेर आला. पुढच्या टोकावर एक माणूस उभा होता. पाण्याला भिणारा, पोहता न येणारा त्र्यंबक चौबळ, एका हातानं दोर धरून, अर्धा पाण्यावर झुकलेला. आणि तो नुसती नावं ओरडत होता.

"कोपरचा गणू म्हात्रे, जिवंत! कळव्याची शीला, लेकरासकट, जिवंत! दिव्याचा पांडू पाटील, जिवंत!"

ज्याचं नाव येई तो मचव्यात उठून उभा राही. नाव ऐकलं की बंदरावर एका कोपऱ्यातून आरोळी उठे आणि माणसं धडाधड पाण्यात उतरत. गुडघाभर, कंबरभर. कुणी हसत होतं, कुणी ऊर बडवत होतं, एक म्हातारा तर पाण्यातच फुगडी घातल्यासारखा गरागरा फिरत होता. मागून मिठाचे पडाव आले, त्यांवरची नावं सुरू झाली. त्र्यंबकचा आवाज बसला तरी तो थांबेना.

"मोठागावची शेवंती, जिवंत!"

हौसाबाईच्या हातातली चूड गळून पाण्यात पडली आणि चर्र करून विझली. ती छातीएवढ्या पाण्यात शिरली, मचव्याचा काठ धरला आणि सुनेचं तोंड दोन्ही हातांत घेऊन ते नुसतं चाचपत राहिली. मग तिनं मचव्यात इकडंतिकडं पाहिलं. मागच्या पडावाकडं पाहिलं. त्र्यंबककडं पाहिलं.

"न तुलसा? तुलसा कंय हाय, परभू?"

त्र्यंबक पाण्यात उतरला. त्याच्या गळ्याशी पाणी आलं, पण तो तसाच तिच्यापर्यंत गेला.

"तुळसा गेली, हौसाबाई. भिऊन तिनं उडी टाकली. आणि कोपरचा सहदेव गेला, भट्टीवर काम करणारा. दोघंही मागच्या पडावात आहेत. आम्ही त्यांना घेऊन आलोय."

बाईनं मचव्याचा काठ सोडला. "मीच तिला बोटीनं जा म्हनले. न मना बोटीत तू बसवलास. तू बसलास माज्या बाजूला. सांग मना, कशानं झाला ह्या?"

कचेरीच्या छपरावरून मुनीम डोळे वटारून, मान हलवून 'नको, नको' म्हणत होता. शेठचे शब्द त्र्यंबकच्या जिभेवर तयार होते. उतारू एका अंगाला गेले. म्हटलं असतं तर कदाचित खपलंही असतं. तो धक्क्याच्या पायऱ्या चढून वर गेला, अंगातून पाणी निथळत होतं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"वाफेचा नळ गळत होता. मारुतीनं दोनदा सांगितलं होतं. कंपनीनं तो नवरात्रानंतर दुरुस्त करायचं ठरवलं. शिवाय बोटीत माणसं जास्त घेतली. उतारूंचा यात काडीचा दोष नाही. दोष आमचा आहे. बाकीच्या दोन बोटी आजपासून बंद. नळ बदलल्याशिवाय, बंब तपासल्याशिवाय एकही बोट खाडीत येणार नाही."

बोटी बंद करायचा अधिकार त्याला कुणी दिला होता? कुणीच नाही. ते तो बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं.

कुणी एक दगड फेकला, तो त्याच्या खांद्याला चाटून गेला. दुसऱ्यानं हात उचलला तेव्हा हौसाबाईनं वळून नुसतं त्याच्याकडं पाहिलं आणि तो हात खाली आला. मग ती मागच्या पडावाकडं गेली. चार गडी तिच्यामागून गेले. कचेरी जळायची राहिली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला शेठनी त्याला उभंच ठेवलं.

"मी तुम्हाला काय सांगायला पाठवलं होतं?"

"शेठ, ते तिथं चाललं नसतं. आणि खरं नव्हतं."

"खऱ्याखोट्याचं मी बघून घेतलं असतं! तुम्ही माझ्या बोटी बंद केल्यात! उद्यापासून येऊ नका."

त्र्यंबक घरी आला. कमळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय बोललात धक्क्यावर? तेच शब्द सांगा." त्यानं सांगितले. "यातलं 'म्हणजे काय' असं मला कुठंच विचारावंसं वाटलं नाही," ती म्हणाली आणि पान वाढायला उठली.

सरकारी तपासनीस आला. त्यानं बोट खेचून काढली, नळ बघितला आणि मारुती म्हणत होता तेच लिहिलं. वर्तमानपत्रांनी कंपनीला झोडपून काढलं. शेठनी नाइलाजानं नळ बदलले, बंब तपासून घेतले. दिवाळी उलटल्यावर बोट धक्क्याला लावली, शिट्ट्या दिल्या. बोट रिकामी गेली, रिकामी आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेठनी स्वतः एका आगरणीला विचारलं, "बाई, नवा नळ बसवलाय, का येत नाही?"

"परभू कंय हाय?" ती म्हणाली. "त्यो सांगंल तं येव."

त्याच दिवशी शेठची घोडागाडी मासुंदा तळ्यामागं येऊन थांबली. एवढा मोठा माणूस अरुंद जिना चढून वर आला, घोंगडीवर बसला आणि पाणी प्यायल्यावर म्हणाला, "चला, त्र्यंबकराव. झालं गेलं."

"येईन शेठ. पण सहदेवच्या घरी कंपनीतर्फे कोण गेलं होतं? तुळसाच्या घरी?"

शेठनी मान खाली घातली. "मुनीम जाणार होता."

"मुनीम नको. आपण जाऊ. आणि बंब मी स्वतः बघेन, मारुतीला घेऊन. बोटीत माणसं किती घ्यायची ते मोठ्या अक्षरांत बोटीवर रंगवायचं. तेवढी झाली की पुढं एक नाही. यात्रा असो नाहीतर लग्न असो."

शेठ चिडले, उठले, जिन्यापर्यंत गेले. परत आले. "कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

दोघं मचव्यातून गेले. कोपरला सहदेवच्या आईनं शेठना दारातच खडे बोल सुनावून परत लावलं, आणि शेठ ते सगळं उभ्यानं ऐकत राहिले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं बसायला सांगितलं. सहदेवच्या धाकट्या भावाला कंपनीत कायमचं काम आणि तुळसाच्या लेकरांचं सगळं ती मोठी होईपर्यंत, असा शब्द शेठनी दोन्ही अंगणांत, गावकऱ्यांच्या समोर दिला. मोठागावला निघताना हौसाबाई काठापर्यंत पोचवायला आली. ती शेठशी एक अक्षर बोलली नाही. त्र्यंबकला मात्र म्हणाली, "बोट कवा हाय?"

"सोमवारी."

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी पहाटेच त्र्यंबक बोटीवर पोचला होता. तो आणि मारुती भट्टीच्या शेजारी रांगत एकेक सांधा तपासत होते. मारुतीचे हात बरे झाले होते, पण बोटं पुरती मिटत नव्हती. सांध्यावर हात ठेवून तो मान डोलवायचा आणि त्र्यंबक पुढं सरकायचा. वर येऊन त्र्यंबकनं बघितलं तर ठाण्याचा धक्का माणसांनी फुललेला. त्यानं बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. नळ कसा बदलला, बंब कुणी तपासला, किती माणसं घेणार. तो खोक्यावर चढला.

"मंडळी, बोटीत बसायच्या आधी मला दोन गोष्टी—"

पण लोक चढायलाच लागले होते! टोपल्या, गाठोडी, कोंबड्यांची खुराडी. एक म्हातारी त्याच्या दंडाला धरून विचारत होती, "तू बघितलास ना रं नल?" तो 'बघितला' म्हणेपर्यंत ती आत. त्याच्या मागून दुसरा, त्याच्या मागून चौघं. त्र्यंबक खोक्यावरून उतरला आणि बोटीत चढायच्या फळीशी जाऊन मोजायला लागला. रंगवलेला आकडा भरत आला, भरला, आणि धक्क्यावर अजून निम्मी गर्दी शिल्लक.

"पुरे!" त्यानं फळीवर आडवे हात पसरले. "पुरे झालं! पुढच्या खेपेला!"

"अरे, दोन माणसांनी काय होतं!"

"एकानंही नाही! मागं व्हा! अहो काका, मागं व्हा म्हणतो ना!"

ज्या माणसानं इतकी वर्षं लोकांना बोटीत बोलवायला घसा कोरडा केला, तोच आता गर्दीशी हुज्जत घालत, रेटारेटी करत, हसत आणि घामाघूम होत त्यांना बोटीपासून हाकलत होता. काठावर राहिलेल्यांकडं बघून शेठच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं. पण त्यांनीच तांडेलाला बोट सोडायची खूण केली. मारुतीनं वाफ सोडली. बोट सुटली. काठावरून एकच कल्लोळ उठला.

त्र्यंबकरावांनी पुढं आणखी पंधरा-सोळा वर्षं ते काम केलं. खाडी गाळानं भरत गेली, डोंबिवलीला रेल्वेचं स्टेशन झालं, आणि आगबोटींचे दिवस सरले. बोटी विकायच्या ठरल्या तेव्हा ती बातमीसुद्धा गावोगाव जाऊन त्यांनीच सांगितली. मचवेवाल्यांना, आगरणींना, खळ्यावरच्या लोकांना, बोटी निघून जायच्या पुरेशा आधी, म्हणजे ज्याला त्याला दुसरी सोय बघता येईल. कोपरच्या काठावर कुणीतरी त्यांना विचारलं, आता तुम्ही काय करणार? कल्याणला भात सडायची नवी गिरणी उभी राहत होती. तिच्या भोंग्यानं म्हशी आटतात, अशी आवई गावात उठली होती, आणि गिरणीच्या मालकाचा निरोप सकाळीच आला होता. त्र्यंबकराव धोतराचा सोगा सावरत झपाझप कल्याणच्या वाटेला लागले.